सदा थंडी वाजणारी माणसे : कारणे आणि उपाय



दिवाळी सरते, धानाची कापणी जोरात येते आणि त्याच सुमारास तुमसर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याची गावे रात्री गारठू लागतात. आंबागड हे त्यांपैकीच एक. गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळातील किल्ल्यासाठी ते अनेकांना ठाऊक आहे. विदर्भ म्हटला की आपल्या पुण्या-मुंबईच्या वाचकांना मे महिन्याचे ऊन आठवते, आणि "तिकडे कसली थंडी?" असा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतेच. पण समुद्र येथून फार दूर आहे. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली उष्णता भराभर सोडून देते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. शेजारचा गोंदिया तर हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या बातमीत वरचेवर असतो.

ही थंडी सगळ्यांनाच वाजते. परंतु एकाच घरात सारख्याच थंडीत निरनिराळी माणसे निरनिराळी दिसतात. मुलगा नुसत्या बंडीवर पुंजण्याची राखण करायला जातो, आणि त्याची आई भर दुपारच्या उन्हातही पदर लपेटून बसते. "तिला सदाच थंडी वाजते," असे घरचे म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. कुणी त्याला म्हातारपण म्हणते, कुणी आळस. या अंकातील पाठात आपण पाहू की अशी सदा थंडी वाजण्यामागे बहुधा काही कारण असते, ते शोधता येते आणि पुष्कळदा त्यावर उपायही करता येतो. ब्लँकेट देणाऱ्या आपल्या सर्वांनाच हे माहीत असणे गरजेचे आहे.

शरीराची ऊब कुठून येते, कुठे जाते?

निरोगी माणसाच्या शरीराच्या आतील तापमान सुमारे ३७ अंश असते. बाहेर ५ अंश असोत की ४५, शरीर ते तेवढेच राखण्याचा प्रयत्न करते. ही ऊब अन्नातून येते. आपण खाल्लेला भात, डाळ, तेल हे शरीरात सावकाश जळते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. स्नायू हे त्याचे मोठे चुलाण होय. म्हणून काम करताना अंग तापते. फारच गारठले तर स्नायू आपोआप थरथरू लागतात आणि जास्तीची उष्णता तयार करतात. आपण त्याला हुडहुडी म्हणतो.

ही उष्णता अंगभर पोहोचवण्याचे काम रक्त करते. थंडी वाढली की मेंदू त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून घेतो, म्हणजे हृदय, फुप्फुसे, यकृत असे आतले अवयव उबदार राहतात. हातपायांची बोटे, नाक, कान आधी गार पडतात ते यामुळेच.

उष्णता बाहेर जाण्याच्या वाटा चार आहेत. गार जमिनीला अंग टेकले की ती जमिनीत जाते. वारा लागला की वाऱ्याबरोबर जाते. उघड्या अंगातून ती आपोआप बाहेर पडत राहते. आणि अंग किंवा कपडे ओले असले, तर ते वाळताना शरीराची ऊब घेऊन जातात. आता सदा थंडी वाजणाऱ्या माणसाकडे पाहावे. त्याच्या चुलाणात सरपण कमी आहे, की रक्त ऊब पोहोचवण्यात कमी पडते, की ऊब कुठल्यातरी वाटेने निसटते आहे? या तीन प्रश्नांत बहुतेक कारणे येतात.

१. रक्त कमी असणे

आपल्या भागात स्त्रियांना सदा थंडी वाजण्याचे हे फार मोठे कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे दर दोघींमागे एकीहून अधिक.

रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतील प्राणवायू अंगभर नेते. अन्न जाळून ऊब करायला हा प्राणवायू लागतो. हिमोग्लोबिन बनवण्यासाठी लोह हवे. लोह कमी पडले की चुलीत लाकडे आहेत, पण वारा नाही, अशी स्थिती होते. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तक्षय असलेल्या स्त्रियांना गारव्यात ठेवले असता त्यांचे शरीर इतर स्त्रियांइतकी उष्णता निर्माण करू शकत नाही, असे दिसले. लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांच्यात सुधारणा झाली. तेव्हा "मला फार थंडी वाजते" असे सांगणारी बाई खरेच सांगत असते.

खुणा ओळखाव्यात : पापणीच्या आतला भाग, जीभ आणि नखे फिकट दिसणे, थोड्या कामाने धाप लागणे, सतत थकवा, चक्कर, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे. हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमपेक्षा, गरोदरपणात ११ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असले तर रक्तक्षय समजतात. उपकेंद्रात ही तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते.

गरोदर बाईला लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या १८० दिवस रोज घेण्यासाठी सरकारी केंद्रातून विनामूल्य मिळतात. त्या घराघरांत असतात, पण पुष्कळदा फळीवर तशाच पडून राहतात. गोळीने शौचाला काळे होते किंवा मळमळते, म्हणून बाया ती सोडून देतात. काळे होणे हे घाबरण्याचे कारण नाही. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. गोळीच्या किंवा जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा टाळावा, कारण चहा लोह शोषू देत नाही. उलट लिंबू किंवा आवळा असला तर लोह अधिक लागू पडते. रानात आवळा भरपूर पिकतो त्याच दिवसांत थंडी असते, ही मोठी सोय आहे. हिरव्या पालेभाज्या, तीळ, डाळी, अंडी, मासे, मटण यांतून लोह मिळते. पोटात जंत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून जंताची गोळीही आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने घ्यावी.

२. अपुरे अन्न

पुष्कळ घरांत बाई सर्वांना वाढून शेवटी जेवते. तोवर वरण पातळ झालेले असते आणि भाजी संपलेली असते. तिच्या अंगावर चरबी नाही, स्नायू बारीक, आणि पहाटे सर्वांत आधी उठून गार पाण्याला हात घालणारीही तीच. तिच्या चुलाणात सरपणच कमी पडते. अशा बाईला दुसरे ब्लँकेट दिले तरी ते तयार झालेली ऊब धरून ठेवील. जी ऊब तयारच झाली नाही, ती ब्लँकेट कुठून आणणार? रात्री झोपण्यापूर्वी पोटभर गरम जेवण, निदान गरम पेज, हा थंडीवरचा खरा उपाय आहे. वजन विनाकारण घटत असेल आणि सोबत खोकला दोन आठवड्यांहून अधिक असेल, तर थुंकी तपासून क्षयरोग नाही ना याची खात्री करावी.

३. थायरॉईडची मंदावलेली ग्रंथी

गळ्याशी असलेली ही लहान ग्रंथी शरीराचा अग्नी लहानमोठा करते. ती मंदावली की इतरांना उकडत असतानाही थंडी वाजते, अंग जड होते, वजन वाढते, त्वचा कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, बद्धकोष्ठ होते, पाळी बिघडते. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळते आणि रोजच्या एका गोळीने आटोक्यात राहते. ही गोळी मनाने सुरू किंवा बंद करू नये. या ग्रंथीला आयोडीन लागते. म्हणून खडे मीठ न वापरता आयोडीनयुक्त मीठ आणावे, ते झाकून कोरड्या जागी ठेवावे आणि शक्यतो स्वयंपाक उतरवताना घालावे.

४. म्हातारपण

दावीद राजा फार वयोवृद्ध झाल्यावर कितीही वस्त्रे पांघरली तरी त्याला ऊब येईना, असे १ राजे १:१ मध्ये वाचायला मिळते. राजवाड्यात पांघरुणांची काय उणीव असणार? उणीव शरीरात होती. वयाबरोबर स्नायू झिजतात, जेवण कमी होते, त्वचा पातळ होते, रक्ताभिसरण मंदावते. त्याहून धोक्याची गोष्ट अशी की, काही म्हाताऱ्यांना थंडी वाजल्याचे कळतच नाही आणि हुडहुडीही भरत नाही. गारठ्यात म्हातारे माणूस गप्प, सुस्त झाले, बोलणे अडखळू लागले, पोट हाताला गार लागले, तर ते "झोपले आहे" असे समजू नये. त्याला उबदार पांघरुणात घेऊन ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

५. सिकलसेल

हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात, आदिवासी आणि इतर समाजांतही, बराच आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की या पेशी तिथे अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. म्हणून सिकलसेलच्या मुलासाठी स्वेटर हे औषधाइतकेच गरजेचे आहे. त्याने गार पाण्याने आंघोळ करू नये, ओल्या कपड्यांत राहू नये, आणि थंडीतही पाणी भरपूर, कोमट करून प्यावे. लोहाच्या गोळ्या मात्र अशा रुग्णाला डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात तपासणी विनामूल्य होते. लग्नाआधी मुलामुलींनी ती करून घ्यावी.

६. तंबाखू आणि दारू

थंडीत बिडी ओढली किंवा खर्रा खाल्ला की ऊब येते, असा समज आहे. तंबाखूने त्वचेतील रक्तवाहिन्या उलट आकसतात आणि हातपाय अधिक गार पडतात. मोहाच्या दारूचे याच्या अगदी विरुद्ध. ती त्वचेतील रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे क्षणभर अंग गरम वाटते, परंतु ती आतली ऊब बाहेर जात असते. पिऊन उघड्यावर झोपलेल्या माणसाला थंडी बाधते ती यामुळे.

७. ताप

अचानक कडाक्याची थंडी भरून मागाहून ताप चढत असेल, तर तो ऋतूचा गारठा नव्हे. हिवताप असू शकतो. त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घ्यावे.

तान्ह्या बाळाची ऊब

नवजात बाळाला थंडी सर्वांत लवकर बाधते. त्याचे अंग लहान, चरबी कमी, आणि त्याला नीट हुडहुडी भरता येत नाही. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ तर फारच नाजूक. गार पडलेले बाळ रडत नाही, दूध ओढत नाही, आणि घरच्यांना ते शांत वाटते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. वजन करणे, श्वास पाहणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे यांबरोबर बाळाला उबदार ठेवणे हाही त्या कामाचा एक भाग होता. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. त्या ३९ गावांतील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देऊ लागल्या, त्यामागे हाच अनुभव होता.

कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी आणखी एक साधा उपाय सुरू केला. काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, म्हणून कमी वजनाची बाळे त्यांनी आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सांगितली. कांगारूच्या पिशवीवरून याला कांगारू पद्धत म्हणतात. वडील किंवा आजीही बाळाला असे धरू शकतात. याला एक पैसाही लागत नाही.

लक्षात ठेवावे : जन्मताच बाळ कोरडे पुसावे, पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, डोक्याला टोपडे आणि पायांत मोजे असावेत, आईचे दूध तासाभरात सुरू करावे, ओले लंगोट लगेच बदलावे. बाळाजवळ निखारे किंवा गरम पाण्याची बाटली ठेवू नये. कोवळी त्वचा लगेच भाजते.

घरोघरी करता येतील असे उपाय

• अंगावर घेतो त्याइतकेच अंगाखाली घालावे. जमिनीवर झोपणाऱ्याची बरीचशी ऊब जमीन घेते. मळणीनंतर तणस घरीच असते. कोरड्या तणसावर बारदाना आणि त्यावर गोधडी अंथरावी. सुंभाच्या खाटेला खालून वारा लागतो, तेव्हा खाटेवरही गोधडी हवीच.

• एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. मधली हवा ऊब धरून ठेवते.

• डोके, कान, गळा झाकावा. निजताना कोरडे मोजे घालावेत.

• बांधीतून किंवा नदीवरून आल्यावर ओले कपडे आधी बदलावेत, मग चूल पेटवावी.

• कुडाच्या भिंतीच्या फटी थंडीपूर्वीच लिंपून घ्याव्यात. दाराला रात्री बारदान्याचा पडदा लावावा. धूर जाण्याची वाट मात्र मोकळी ठेवावी.

• गोधड्या रोज उन्हात टाकाव्यात. दमट गोधडी ऊब देत नाही.

• म्हाताऱ्यांनी व आजाऱ्यांनी सकाळी उन्हात बसावे, हातपाय हलवावेत आणि आंघोळ दुपारी कोमट पाण्याने करावी.

• मुलांना व म्हाताऱ्यांना एकेकटे न निजवता कुणाच्या तरी कुशीत निजवावे.

शेकोटीविषयी सावधगिरी

अंगणातली शेकोटी ही थंडीतली गावाची बैठक असते. ती अवश्य असावी. मात्र निखाऱ्यांचे घमेले बंद खोलीत ठेवून कधीही निजू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही आणि सारे कुटुंब दगावू शकते. मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना गेली आहे, त्यांनी शेकोटीजवळ पाय करू नयेत. भाजले तरी त्यांना कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अशांना मोजे आणि पांघरूण द्यावे. नायलॉनच्या साड्या व ओढण्या शेकताना आवरून बसावे.

मंडळीने काय करावे?

आपली ब्लँकेटे दरवर्षी मोठ्या प्रेमाने गोळा होतात. ती बहुधा नाताळात वाटली जातात. तोवर धानाच्या राखणीच्या गार रात्री होऊन गेलेल्या असतात. दिवाळीच्या आसपास ती पोहोचली तर अधिक उपयोगी पडतील.

दुसरे असे की, एका घराला एक ब्लँकेट दिले तर ते कोणाच्या अंगावर जाते? आधी घरधन्याच्या, मग मुलांच्या. जिला सर्वांत जास्त थंडी वाजते, तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून देताना घराची नव्हे, माणसांची यादी करावी : तान्ही बाळे, बाळंतिणी व गरोदर बाया, एकटी राहणारी म्हातारी माणसे, सिकलसेलचे रुग्ण.

आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे : ब्लँकेट देताना "तुम्हाला नेहमीच एवढी थंडी वाजते का?" हा प्रश्न विचारावा. उत्तर "हो" असेल, तर त्या व्यक्तीला रक्त तपासणीला न्यावे. ब्लँकेट वाटपाचा दिवस आरोग्यसेविकेशी बोलून गावातील आरोग्य व पोषण दिनालाच ठेवला, तर एकाच फेरीत दोन्ही कामे होतात. तुमसरच्या रुग्णालयापर्यंत जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेली एक दिवसाची मजुरी, एवढ्यासाठी पुष्कळ तपासण्या राहून जातात. काही कुटुंबांना ब्लँकेटपेक्षा याच मदतीची अधिक गरज असेल.

याकोबाच्या पत्रात (२:१५-१६) उघड्या व उपाशी भावाबहिणीला नुसते ऊब घ्या म्हणून निरोप देण्याचा काय उपयोग, असे विचारले आहे. तिथे वस्त्र आणि अन्न यांचा उल्लेख एकत्र येतो. थंडीच्या बाबतीत तो अगदी शब्दशः खरा आहे, हे आपण वर पाहिलेच. निर्गम २२:२६-२७ मध्ये तर गरिबाचे गहाण पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करण्याचा नियम आहे, कारण रात्री त्याच्याजवळ दुसरे काही नसते. मदत कुणाला आणि केव्हा पोहोचली पाहिजे, याचा विचार त्या नियमात आहे.

चर्चेसाठी प्रश्न (महिला संघ, तरुण संघ व घरगुती सभांसाठी)

१. आपल्या घरात किंवा शेजारी सदा थंडी वाजणारी व्यक्ती कोण आहे? तिच्या बाबतीत वरीलपैकी कोणत्या खुणा दिसतात?

२. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? त्या व्यक्तीच्या ताटात काय उरते?

३. आपल्या संघातील किती जणींनी गेल्या वर्षभरात हिमोग्लोबिन तपासले आहे?

४. यंदाची ब्लँकेटे कोणत्या महिन्यात, कोणत्या यादीप्रमाणे आणि कुणाला सोबत घेऊन वाटायची?

पुढील सभेत निदान पहिल्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहून ठेवावे आणि महिनाभरात त्या व्यक्तीला उपकेंद्रात घेऊन जावे.